टीएची पलटण विकत मिळत नाही

परवा रात्री साडेदहाला भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, खरंय ना हे? उद्या पैसे भरायचेत." मेसेज कुठल्याशा भरती अकॅडमीचा. वर तिरंगा, खाली 'जय हिंद', मध्ये थापा. हाच मेसेज महिनाभर आमच्या भावकीच्या ग्रुपवरही फिरतोय आणि त्याखाली लोक हात जोडलेल्या इमोजी टाकतायत. तेव्हा गप्प बसलो, ही चूक झाली.

मेसेजचं म्हणणं असं: टेरिटोरियल आर्मीत, म्हणजे आपला कामधंदा सांभाळून अर्धवेळ सेवा करणाऱ्यांच्या टीएत, युनिट आपण निवडायचं. अकॅडमीची वर ओळख आहे, ४० हजार 'युनिट अलॉटमेंट फी' भरली की घराजवळची पलटण पक्की. मग बदली नाही, सीमेवर जाणं नाही. हवं तर धोनीसारखी पॅरा, म्हणजे छत्रीधारी पलटण, मागा. वर्षाला दोन महिने हजेरी, बाकी दहा महिने घरी बसून पगार, शेवटी पेन्शन.

आधी त्या फीबद्दल, कारण सगळा मेसेज तिच्यासाठीच लिहिलाय. टीएच्या भरतीत अलॉटमेंट नावाची खिडकीच नाही, तर तिथे पैसे भरणार कुणाकडे? जवानांच्या भरती मेळाव्याची जाहिरात एकदा डोळे उघडून वाचा. कुठल्या पलटणीत किती जागा, त्यातल्या जनरल ड्यूटीच्या किती, क्लार्क, स्वयंपाकी, न्हावी यांच्या किती, आणि कुठल्या राज्या-जिल्ह्याच्या पोरांनी कुठल्या दिवशी कुठल्या मैदानावर यायचं, हे सगळं त्यात छापलेलं असतं. म्हणजे पोरगा धावायला उभा राहतो तेव्हाच तो कुठल्या पलटणींच्या जागांसाठी धावतोय हे ठरलेलं असतं. पुढे मैदानी, कागदपत्रं, मेडिकल, मेरिट. जागा असेल आणि मेरिटमध्ये नाव असेल तर घेतात, नसेल तर घरी पाठवतात. या साखळीत अकॅडमीवाला बसतो तो फक्त मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर.

आणि त्याची युक्ती सोपी आहे. शंभर पोरांकडून पैसे घ्यायचे. त्यातली पाच-सहा आपल्या पायांच्या जोरावर लागणारच. त्यांना म्हणायचं, बघ, आम्ही काम केलं. उरलेल्यांना म्हणायचं, यंदा वरून प्रेशर होतं, पुढच्या भरतीत बघू. पैसे परत मागायला कोण जाणार? लाच दिली हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आता अर्धं खरं काय ते कबूल करतो, नाइलाजाने. घराजवळची पलटण मिळण्याची शक्यता खरंच बरी असते. टीएच्या इन्फन्ट्री, म्हणजे पायदळाच्या, पलटणी नियमित सैन्यातल्या रेजिमेंटांशी जोडलेल्या आहेत आणि त्यांची ठाणी देशभर विखुरलेली आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीची १०१ नंबरची पलटण पुण्यात, १०९ कोल्हापुरात. महार रेजिमेंटची ११५ बेळगावात, ग्रेनेडियर्सची ११८ भुसावळला, पॅराची ११६ देवळालीत. कोल्हापूरच्या मैदानावर उतरलेल्या पोराला कोल्हापूरची पलटण मिळाली तर त्यात नवल नाही. पण ते भरतीच्या रचनेमुळे होतं, ४० हजारांमुळे नाही. जे फुकट घडणार होतं त्याचीच पावती हे लोक फाडतात.

शिवाय पलटणीचा पत्ता म्हणजे ड्यूटीचा पत्ता नव्हे. इथे तर मेसेज सरळ खोटं बोलतो. टेरिटोरियल आर्मी कायदा १९४८ चा आहे, छोटासा आहे, चहा निवेपर्यंत वाचून होतो. त्याचं सातवं कलम सांगतं की भरती झालेला माणूस त्या-त्या वेळी ज्या युनिटला जोडलेला असेल त्या युनिटमध्ये सेवा करायला बांधील आहे. 'त्या-त्या वेळी' हे शब्द बघा. एकदा मिळालेलं युनिट जन्मभराचं, असं कायदा म्हणत नाही. तेच कलम पुढे सांगतं की मुलकी प्रशासनाच्या मदतीला, पहाऱ्याला, प्रशिक्षणाला आणि नियमित सैन्याच्या जोडीला त्याला बोलावता येतं. देशाबाहेर न्यायचं तर केंद्र सरकारचा आदेश लागतो, एवढीच सवलत. टीएचे लोक ऑपरेशन पवनमध्ये, म्हणजे भारतीय शांतिसेनेच्या मोहिमेत, श्रीलंकेतही होते.

'सीमेवर पाठवत नाहीत' म्हणणाऱ्यांनी मे २०२५ सुद्धा विसरावा? ६ मे २०२५ च्या अधिसूचनेने केंद्राने लष्करप्रमुखांना टीएची माणसं बोलावण्याचा अधिकार दिला आणि ३२ पैकी १४ इन्फन्ट्री पलटणी एम्बॉडी करायला, म्हणजे पूर्णवेळ सेवेत उतरवायला, मंजुरी दिली. कुठे? दक्षिण, पूर्व, पश्चिम, मध्य, उत्तर, नैर्ऋत्य अशा लष्कराच्या सगळ्या प्रादेशिक कमांडच्या हद्दीत, शिवाय अंदमान-निकोबार. आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत. कोल्हापुरात भरती झालो म्हणून कोल्हापुरातच राहीन असं ज्याला वाटतं, त्याने हा नकाशा भिंतीवर लावावा.

धोनीचं काय? त्याला २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल केलं. मानद. तो मेळाव्यात रांगेत उभा राहिला नव्हता आणि त्याने फॉर्मवर 'पॅरा' असं टिक केलं नव्हतं. २०१५ मध्ये आग्र्याला विमानातून उड्या मारून त्याने पॅराचा बिल्ला मात्र कमावला, ते श्रेय त्याचं. त्यावरून तुम्हाला पॅरा 'मागता' येते असं होत नाही.

पगार-पेन्शनबद्दल फार लिहीत नाही. टीए ही पूर्णवेळ नोकरी नाही, असं टीएवालेच बजावून सांगतात. पगार मिळतो तो प्रशिक्षणाच्या आणि एम्बॉडी झालेल्या काळाचा. घरी बसलेल्या महिन्यांचा नाही. पेन्शनही अशीच, प्रत्यक्ष सेवेचे दिवस मोजून. म्हणून तर हातात दुसरा कामधंदा असावा लागतो.

गंमत म्हणजे पोरांच्या खऱ्या उपयोगाची एक गोष्ट या मेसेजमध्ये नाहीच. त्याच कायद्याचं ७-अ कलम म्हणतं की टीएच्या सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला त्याच्या मालकाने नंतर कामावर परत घ्यायचं. भाचा वर्कशॉपमध्ये मशीन चालवतो, त्याने ओळखीच्या अकॅडमीवाल्याला भेटण्याऐवजी आपल्या मालकाला भेटून हे दाखवायला हवं. टीएत जायची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, त्याच्याकडूनच आणायचीय.

हे सगळं रात्री बारापर्यंत टाइप करून त्याला पाठवलं. निळ्या टिका लगेच आल्या. मग बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं आणि शेवटी उत्तर आलं: "मामा, पाच हजार टोकन आधीच दिलंय."

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. अकॅडमीचा पत्ता त्याच्याकडून मागवून घेतलाय.