'शोधले' हा शब्द मागे घेतो, चित्रं नाही

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कर्नल सायक्स या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या दख्खनी माशांच्या चित्रांवर मी जे लिहिलं, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. मुळा-मुठेतले मासे सायक्सने 'शोधले' असं मी म्हटलं, पण तुमच्या आजोबांसारखे भोई ते पिढ्यान्‌पिढ्या पकडत आले होते, हा एक. आणि ती चित्रं लाकडासारखी निर्जीव आहेत, मोबाइलचा फोटो त्याहून जास्त सांगेल, हा दुसरा.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. लेखात आता 'वर्णन केले' अशी दुरुस्ती केली आहे. तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा तर सायक्सच्याच कागदांत आहे. १८३९ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या वृत्तांतात त्याने माशांना दिलेली जी शास्त्रीय नावं छापली गेली, त्यांत सीनघाला, सीन्गटी, नुक्ता अशी नावं आहेत. शिंगाळा आणि शिंगटी तुम्ही लगेच ओळखाल. नुक्ता म्हणजे आपला नकटा. त्याच्या तोंडाच्या पुढच्या भागाला अशी खोल खाच असते की नाक कापल्यासारखं दिसतं. हे नाव नदीकाठच्या माणसाने ठेवलं, आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही तेच लिहितात. नाव देणारा माणूस मात्र त्या पानांवर नाही. याची चीड तुमच्याइतकीच मलाही आहे.

दुसरा आक्षेप मला पटत नाही. शिंगाळ्याचंच घ्या. त्याचा एक भाऊबंद आहे, फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ च्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात वर्णन केलेला आओर. दोघं पटकन एकसारखेच वाटतात. आओरच्या वरच्या जबड्याच्या मिशा पार शेपटीच्या परापर्यंत पोचतात, शिंगाळ्याच्या तेवढ्या लांब नसतात. काठावर काढलेल्या फोटोत मिशा अंगाला चिकटलेल्या, पर मिटलेले, ओल्या अंगावर उन्हाची तिरीप. चित्रकार तोच मासा बाजूने आडवा ठेवतो, पर पसरवतो, काटे मोजतो, मिशी कुठवर जाते ते दाखवतो. तुम्हाला जो ताठपणा खटकला, तो मुद्दाम आणलेला आहे. मासा मेला की रंग उतरू लागतो आणि टिकवायला दारूत ठेवला की उरलासुरलाही जातो, म्हणून चित्रकाराला घाईही असायची.

आणखी एक गोष्ट माझ्या लेखात यायला हवी होती. सायक्सने ज्यांवरून वर्णनं लिहिली ते नकट्याचे, शिंगाळ्याचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. उरलं आहे ते त्याचं वर्णन आणि १८४१ मध्ये छापलेली चित्रं. हॅमिल्टनच्या माशांचंही तेच. त्याच्याकडे हलुदार नावाचा बंगाली चित्रकार काम करत होता. १८१५ मध्ये मायदेशी परतताना हॅमिल्टनला आपल्या संग्रहातली चित्रं बरोबर नेऊ दिली नाहीत, ती कलकत्त्यातच राहिली. पुढे मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी १९२९ मध्ये त्यांचा आधार घेऊन हॅमिल्टनच्या माशांची ओळख पक्की करायला मदत केली. नमुना नसताना चित्रच साक्षीदार ठरतं.

एवढं मात्र कबूल करतो की सगळी चित्रं एका तोलाची नाहीत. फ्रान्सिस डे या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाच्या भारतातल्या माशांवरील १८७५ ते १८७८ मधल्या ग्रंथातली चित्रं शेजारी ठेवली, तर सायक्सची मलाही राकट वाटतात. डेने स्वतः चित्रं काढली होती, आणि खवल्यांची रांग न् रांग त्याने ज्या मायेने उतरवली आहे ती पाहत बसावी अशी आहे. पण तो पुढच्या पिढीचा. सायक्सच्या हातात आलेला मासा त्याने पाहिलेला नव्हता.

सायक्सचा नकटा चाकणजवळच्या इंद्रायणीतला. आज ती जात धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. तुमचे आजोबा भीमेवर जाळं टाकायचे असं तुम्ही लिहिलंत. ते या माशाला काय म्हणायचे आणि तो कुठल्या डोहात मिळायचा, हे घरात कुणाला आठवत असेल तर जरूर कळवा. लेखात त्यांच्याच शब्दांत घालतो.