तिला पुढचं माहीत नाही

नमस्कार,

राजकन्यांच्या नावाने रचलेल्या रोजनिशांच्या, म्हणजे मुलांसाठीच्या कादंबऱ्यांच्या, बाजूने मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. इतकी सविस्तर आणि इतकी कडक प्रतिक्रिया क्वचित येते. नुसते आभार मानून मोकळं होणं बरं दिसणार नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एलिझाबेथ ट्यूडरची, म्हणजे पुढे इंग्लंडची राणी झालेल्या पहिल्या एलिझाबेथची, लहानपणीची रोजनिशी अस्तित्वातच नाही, मग तिच्या नावावर ती रचून मुलांच्या हाती देणं ही फसवणूक आहे. द्यायचंच तर अस्सल द्या. शिवाय आईचा शिरच्छेद झालेली मुलगी पानंच्या पानं झग्यांवर आणि मेजवान्यांवर खर्च करते, म्हणजे इतिहास साखरेत घोळवून देण्याचा प्रकार. आणि शेवटचा प्रश्न, हे नऊ वर्षांच्या मुलीला वाचायला द्यावं का?

आधी ‘अस्सल’चं बघू. एलिझाबेथची नसली तरी तिच्या धाकट्या सावत्र भावाची रोजनिशी खरोखरच उपलब्ध आहे. सहावा एडवर्ड नऊ वर्षांचा असताना गादीवर आला आणि १५५२ पर्यंतच्या नोंदी त्याने मागे ठेवल्या. २२ जानेवारी १५५२ ला तो लिहितो की सॉमरसेटच्या ड्यूकचं डोकं सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान लंडनच्या टॉवर हिलवर उडवलं गेलं. बस्स, एवढंच. हा ड्यूक म्हणजे त्याचा सख्खा मामा आणि लिहिणारा मुलगा १४ वर्षांचा. त्याने दुःख गिळलं, की त्याला काही वाटलंच नाही, की वही दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जाईल म्हणून हात आखडता घेतला? त्या ओळीवरून काहीही कळत नाही. हे पान मुलांपुढे जरूर ठेवा, पण ते वाचून एडवर्ड भेटेल असं समजू नका.

व्हिक्टोरियाची गोष्ट तर आणखी मजेशीर. १८३२ मध्ये, १३ वर्षांची असताना, वेल्सच्या प्रवासाचं वर्णन लिही म्हणून आईने तिला वही दिली. पोर लिहायची छान. बर्मिंगहॅमजवळच्या कोळशाच्या मुलखातून बग्गी जाते तेव्हा माणसं, बायका, मुलं, घरं सगळंच काळं दिसतं, असं तिने टिपून ठेवलंय. पण ही वही आई वाचायची. म्हणजे आईशी खटके उडत असताना आईच्याच नजरेखाली लिहिलेली ही रोजनिशी! २० जून १८३७ ला पहाटे उठवून तिला राणी झाल्याची बातमी दिली गेली, त्या दिवसाच्या नोंदीत आपण कुणाकुणाला ‘एकटीने’ भेटलो हे ती पुन्हा पुन्हा सांगते. तोवर ती झोपायचीसुद्धा आईच्याच खोलीत. पुढे तिच्या मृत्यूनंतर धाकट्या मुलीने, बिॲट्रिसने, या वह्यांची काटछाट करून नक्कल केली आणि बहुतेक मूळ वह्या नष्ट केल्या. अस्सल अस्सल म्हणतात ते हे. कादंबरीकार निदान आपण रचतोय हे मुखपृष्ठावरच कबूल करतो.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. इतिहासाच्या पुस्तकात एलिझाबेथ जन्मतःच राणी असते. धडा सुरू होण्याआधीच आपल्याला माहीत असतं की १५५८ ला ती गादीवर येणार आणि ४४ वर्षं राज्य करणार. रोजनिशी लिहिणाऱ्या मुलीला यातलं काहीच ठाऊक नसतं. १५४४ ची दहा-अकरा वर्षांची एलिझाबेथ डोळ्यांसमोर आणा. आई गेली त्याच वर्षी कायद्याने ती अनौरस ठरली. आता नव्या कायद्याने वारसांच्या रांगेत परत घेतलं खरं, पण भाऊ आणि मोठ्या बहिणीच्या मागे, आणि अनौरसपणाचा डाग तसाच ठेवून. ती आठ वर्षांची असताना एका सावत्र आईचंही डोकं उडालेलं. आता चौथी सावत्र आई आली आहे, कॅथरीन पार. ती प्रेमळ आहे, पण टिकेल का?

त्या वर्षाच्या अखेरीस या मुलीने कॅथरीनला नववर्षाची भेट म्हणून एका फ्रेंच धार्मिक काव्याचं स्वतः केलेलं इंग्रजी भाषांतर पाठवलं. निळ्या वेष्टनावर चंदेरी भरतकाम, मधोमध कॅथरीनच्या नावाची अक्षरं. ती वही आजही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सोबतच्या पत्रात ती विनवते की चुका तुम्हीच सुधारा आणि तोवर हे दुसऱ्या कुणाला दाखवू नका. हुशारी, खुशामत आणि धास्ती, तिन्ही एका पत्रात. चांगला लेखक नेमका इथे शिरतो. सुई बोटात घुसल्याचं त्याने मनाने घातलं तर माझी काही हरकत नाही. मात्र ‘ही आई तरी राहील’ असा दिलासा त्याने मुलीला दिला, की पुस्तक बिघडलं.

झग्यांवर तुम्ही उगाच नाक मुरडलंत. आईच्या शिरच्छेदानंतर काही महिन्यांतच तिला सांभाळणाऱ्या लेडी ब्रायनने राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेलला पत्र लिहिलं, की मुलीला अंगात घालायला धड कपडे उरलेले नाहीत. त्याच पत्रात दाढांच्या दुखण्याचीही तक्रार आहे. शिवाय एवढ्याशा पोरीला रोज मोठ्यांच्या मेजावर बसवू नका, तिथली फळं आणि मद्य बघून तिला आवरणं कठीण जाईल, हेही आहे. मुलगी तीन वर्षांचीही नव्हती. दरबारातली पत घसरली की सगळ्यात आधी कपड्यांचा पेटारा रिकामा होतो. तेव्हा या मुलीने झग्यांबद्दल लिहिणं ही तिची राजकीय बातमीच म्हणायची.

आईबद्दलचं मौनही मला खटकत नाही, उलट पटतं. मोठेपणीही ती आईविषयी क्वचितच बोलली. तिच्या एका उघडणाऱ्या अंगठीत दोन छोटी चित्रं आहेत, एक तिचं आणि दुसरं तिच्या आईचं, ॲन बोलीनचं, मानलं जातं. असं मिटवून ठेवणारी बाई लहानपणी वहीत ढसाढसा रडली असती, असं मला वाटत नाही.

या प्रकारात टाकाऊ पुस्तकंही ढिगाने निघतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. ‘माझे वडील, इंग्लंडचे राजे आठवे हेन्री’ असं कुठली मुलगी आपल्याच वहीत लिहील? किंवा ‘एक दिवस मी अशी राणी होईन की जग बघत राहील’? असं वाक्य भेटलं की मी पुस्तक मिटते. झग्याच्या बाहीचा काट चुकला तर एक वेळ चालेल, उद्याची चाहूल चालणार नाही.

राहिला नऊ वर्षांच्या मुलीचा प्रश्न. द्या, पण आधी पुस्तकाच्या शेवटची ऐतिहासिक टीप तुम्ही स्वतः वाचा. रोजनिशीत जे मोघम असतं ते त्या टिपेत तारखांसकट उघडं पडतं, आणि मुलं टीप हमखास आधी उघडतात. तिने ‘हे खरंच तिने लिहिलंय का?’ असं विचारलं तर नाही म्हणून सांगा, आणि एडवर्डची ती एक ओळ वाचून दाखवा.