पोप आपल्या मनासारखं बोलला तरच पोप का?

परवा रात्री साडेअकराला आमच्या धर्मग्रामाच्या (म्हणजे पॅरिशच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर राडा झाला. एका पोराने (बंगलोरला आयटीत आहे, चांगला पोरगा आहे) अमेरिकेतल्या कुठल्यातरी यूट्यूबवाल्याचा व्हिडिओ टाकला. विषय काय, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांची १९६२ ते ६५ ची सभा) चर्चचं वाटोळं केलं आणि खरी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणजे लॅटिनच. त्यावर एका रिटायर्ड सरांनी झापलं त्याला, की पोपमहोदयांचं ऐकायचं नसेल तर तू कॅथोलिक कसला! मग चारपाच जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले, ॲडमिन घाबरला आणि ग्रुप बंद. मी तेव्हा गप्प बसलो म्हणून आता इथे लिहितोय, लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, मी मराठी मिस्सेवाला आहे. आमची वसईची आजी लॅटिनच्या जमान्यातली. फादर वेदीकडे तोंड करून काय ते म्हणायचे, ही मागे रोझरी करत बसायची, घंटी वाजली की मान खाली. आम्हाला काय कळायचं, देवाला कळायचं, असं म्हणायची. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले तेव्हा ती लोकलने धक्के खात बघायला गेली होती, आणि त्यांचा फोटो मरेपर्यंत तिच्या पलंगाच्या वर होता. मिस्सा मराठीत आली ती याच पोपच्या काळात, म्हणून मला तो माणूस घरातल्यासारखा वाटतो.

पण म्हणून सरांचं सगळं बरोबर असंही नाही. परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ ला पास झाला, बाजूने २१४७, विरोधात फक्त ४. तो काढून वाचा एकदा. लॅटिन टिकवावी असं त्यात लिहिलंय आणि लोकभाषेला जास्त जागा द्यावी असंही लिहिलंय, ग्रेगोरियन गायनाला मानाचं पान आहे, आणि फादरने लोकांकडे तोंड करून उभं राहावं असं तर एक वाक्य नाही. विधी सोपे करा, सुधारा, हे मात्र स्पष्ट आहे. म्हणजे 'परिषदेने लॅटिन बंद केली' हे खोटं, आणि 'परिषदेने काही बदलायला सांगितलंच नव्हतं' हेही खोटं. आज आपण जी मिस्सा बघतो ती आली १९६९ ला पॉल यांनी काढलेल्या नव्या मिस्साग्रंथातून, पोपच्या सहीने.

आणि खरी मजा इथेच आहे. पोपला एवढी पॉवर दिली कोणी? १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने, ५३३ विरुद्ध २. पोप चुकत नाही (ठरावीक अटींवर, रोज सकाळी उठून बोलतो ते नव्हे) आणि अख्ख्या ख्रिस्तसभेवर त्याचा थेट अधिकार आहे, हे तेव्हा ठरलं. परंपरावाले, म्हणजे जुनं तेच खरं म्हणणारे, शंभर वर्षं हीच काठी घेऊन सगळ्यांना हाकत होते. १९६९ ला तीच काठी त्यांच्या पाठीत बसली आणि मग आठवलं की अरे, पोपलाही काही मर्यादा असतात ना! फ्रेंच आर्चबिशप लफेव्र तर स्वतः परिषदेला बसलेले होते. त्यांनी १९८८ ला स्वित्झर्लंडमधल्या एकोनला पोप दुसरे जॉन पॉल यांची परवानगी नसताना चार बिशप अभिषिक्त केले आणि बहिष्कृत झाले. त्या चौघांवरचा बहिष्कार पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ ला उठवला, पण भांडण काही मिटलं नाही.

आता २०२१ चा जुलै बघा, हे आपल्याकडे कोणी जोडून बघतच नाही. १६ जुलैला पोप फ्रान्सिस यांनी जुन्या लॅटिन मिस्सेवर कडक बंधनं घातली. सगळे पुरोगामी खूश, परंपरावाल्यांच्या घरात सुतक. पण त्याच्या तेरा दिवस आधी, ३ जुलैला, त्याच पोपने केरळच्या सिरो-मलबार चर्चला (पोपला मानणारं, पण स्वतःची पौर्वात्य पद्धत असलेलं कॅथोलिक चर्च) पत्र लिहिलं होतं, की मिस्सेची एकसारखी पद्धत आता लवकर लागू करा. ती पद्धत म्हणजे सुरुवातीला लोकांकडे तोंड, मधला मुख्य भाग वेदीकडे तोंड करून, शेवटी परत लोकांकडे. त्याच चर्चच्या एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतातले बहुतेक फादर म्हणाले, आम्ही पन्नास वर्षं पूर्ण मिस्सा लोकांकडे बघून करतोय, हाच परिषदेचा आत्मा, आम्ही ऐकणार नाही. २०२२ च्या ख्रिसमसच्या तोंडावर तिथल्या बॅसिलिकात वेदीजवळ धक्काबुक्की झाली, पुढच्या वर्षी पोपना व्हिडिओ काढून विनवावं लागलं.

म्हणजे तिकडे पोपचं न ऐकणारे परंपरावाले, इकडे न ऐकणारे सुधारणावाले, आणि पोप तोच! सिनडच्या (सिरो-मलबार बिशपांची सभा, एकसारखी पद्धत हवी म्हणणारी) बाजूचे लोकही परिषदेचंच बोट धरतात, कारण पौर्वात्य चर्चनी आपल्या मूळ परंपरेकडे परतावं असं परिषदेने १९६४ ला लिहून ठेवलंय. आमच्या ऑफिसमधले अंगमालीचे एक अंकल लॅटिन मिस्सावाल्यांना बंडखोर म्हणतात, आणि केरळचा विषय काढला की आमची केस वेगळी आहे हो म्हणून डबा उघडतात.

माझं मत विचाराल तर १६ जुलैचा आदेश मला पटला नाही. लॅटिन मिस्सा मला नको आहे, पण ज्या पोराला ती हवी आहे त्याला रोमने का अडवावं? आदेशाच्या नावातच बिशपांना परंपरेचे रक्षक म्हटलंय, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सांगितलं की धर्मग्रामाच्या चर्चमध्ये जुनी मिस्सा ठेवायची तर रक्षकांनी आधी रोमला विचारायचं. परिषदेने बिशपांना मोठं केलं म्हणतात ते हेच का? हे मी फ्रान्सिस आवडत असूनही म्हणतोय, ते गेले त्या दिवशी मी रडलोय. आता पोप लिओ पहिल्या दिवशी लाल मोझेटा (पोपची जुन्या थाटाची खांद्यावरची केप) घालून गॅलरीत आले तर परंपरावाल्यांना दिवाळी, अरे त्यांना बोलू तरी द्या!

असो. काल त्या पोराला फोन केला. म्हटलं, तुझ्या यूट्यूबवाल्याला १८७० चा पोप हवा आणि २०२१ चा नको, हे कसं जमायचं? तो हसला, म्हणाला, 'अंकल, तुमच्या आजीच्या फोटोतले पोप, सहावे पॉल, त्यांची मिस्सा तुम्ही घेतली, बरोबर? मग १९६८ ला त्यांनीच गर्भनिरोधकांना बंदी घातली, ती घेतली का?'

मला दोनच मुलं आहेत. मी म्हटलं, रेंज जातेय रे, नंतर बोलू.