‘एक पालक’ यांना उत्तर: दोन तासांचं काम

‘एक पालक’ या नावाने परवा रात्री आलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. एरवी मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होते, पण हिला तेवढ्यात उरकलं तर मला झोप लागायची नाही. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: आमच्या बेळगावातल्या वडगाव-शहापूर भागात साड्यांच्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांपासून आम्ही घरी बाहुल्या करतो. खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाल्यापासून त्या विकताना काय काय होतं, ते मी लिहिलं होतं. त्यावर या पालकांचं म्हणणं जसंच्या तसं देते:

“लेख म्हणजे भावनिक रडगाणं आहे. आदेश सप्टेंबर २०२० ला नाही, जानेवारी २०२१ ला लागू झाला, एवढं तरी तपासा. कारागीर म्हणून नोंदणी केली की सूट मिळते, दोन तासांचं काम आहे, ते तुम्ही सोयीस्करपणे लपवलंत. आईच्या हातची आहे म्हणून बाहुलीचं बटण बाळाच्या घशात अडकायचं थांबत नाही. सीमाभागातल्या लोकांना प्रत्येक गोष्टीत अन्यायच दिसतो.”

आधी तारीख. चूक माझी. आदेश निघाला २५ फेब्रुवारी २०२० ला, लागू व्हायचा होता १ सप्टेंबरपासून, आणि मग मुदत वाढून १ जानेवारी २०२१ झाली. म्हणजे सप्टेंबर मी हवेतून काढला नव्हता, पण चूक ती चूक. लेखात दुरुस्ती केली आहे. आभारी आहे.

आता रडगाणं. आपल्याला दादा म्हणू की ताई, तेही कळायला मार्ग नाही, कारण आपण नाव दिलेलं नाही. मी माझ्या नावाने लिहिते, गल्लीसुद्धा लपवत नाही. आपण मात्र पाळण्याआडून दगड मारताय. मूळ लेखात मी एकदाही ‘आम्ही गरीब’ असं लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून पाहिलं. दुकानदार माल परत करतो असं लिहिलंय. शिक्क्याच्या परवान्यासाठी प्रयोगशाळेची चाचणी लागते, कारखान्याची पाहणी होते आणि आमचा कारखाना म्हणजे देवघराशेजारची दीड खणाची जागा, असं लिहिलंय. याला रडगाणं म्हणायचं तर वीजबिलालाही विलापिका म्हणावं लागेल. टीका करा, जरूर करा. पण ज्या घरात आपण कधी पाऊल ठेवलं नाही त्या घराचा सूर ठरवू नका, एवढीच विनंती.

आणि ‘सोयीस्करपणे लपवलंत’? सूट आहे हे मला ठाऊक होतं. डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती झाली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदवलेल्या कारागिरांनी बनवलेला आणि विकलेला माल त्यातून वगळला. भौगोलिक मानांकन, म्हणजे अमुक वस्तू अमुक भागाचीच अशी सरकारी नोंद, तिचे नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्ते यांचा मालही वगळला. यावर मला वेगळा लेख लिहायचा होता, अर्धा लिहूनही झालाय. त्याला लपवणं म्हणत नाहीत.

पण खरं बोचलं ते ‘दोन तासांचं काम’. हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “दोन तास? दोन तासात कचेरीचा पंखा बी चालू हुईत नाही.”

ऐका तर मग. आईची नोंदणी करायला गेलो, तर पहिल्या दिवशी फॉर्म मिळाला आणि जेवणाची सुट्टी झाली. दुसऱ्या खेपेला नाव अडलं. आईच्या शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, रेशनकार्डावर कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत. मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना आमच्या आडनावात एक अक्षर वाढलंय. त्यात १ नोव्हेंबर २०१४ पासून गावाचं सरकारी नाव बेळगावी, आईचे कागद त्याआधीचे. तिथल्या माणसाने विचारलं, ही बाई आणि ही बाई एकच कशावरून? आई समोर बसली होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, ते दिसतंय, पण कागदावर दाखवा.

तिसऱ्या खेपेला आणखी गंमत. बाहुलीचा नमुना हातात घेऊन उलटसुलट पाहून एक साहेब म्हणाले, हे तर टेलरिंग झालं, हस्तकला कुठाय यात? यंत्रावर एक शिवण नाही, सगळी हातशिलाई, हे सांगून पटेना. चौथ्या खेपेला आईनेच पिशवीतून सुई काढली आणि बाकड्यावर बसून त्यांच्यासमोर चाळीस मिनिटांत एक बाहुली पुरी केली. शिपायाने ती नातीला म्हणून मागून घेतली. हस्तकला आहे हे त्याला लगेच कळलं होतं.

कार्ड हातात आलं ते अकरा महिन्यांनी. आपले दोन तास धरून.

(सीमाभागाबद्दल आपण जे शेवटचं वाक्य टाकलंय त्याचं उत्तर इथेच देऊन टाकते. यातला एकही माणूस आमच्याशी भाषेवरून वाईट वागला नाही. आई बाजारातलं कन्नड झोकात बोलते, मी वाचताना अडखळते इतकंच. कायदा केंद्राचा आहे, महाराष्ट्रातल्या चंदगडला जो आहे तोच कर्नाटकातल्या खानापूरला. अन्याय हा शब्दही माझ्या लेखात नाही. तो आपण घरून आणलात.)

आता पुढची गोष्ट, जी आपल्या ‘सूट मिळते’ या दोन शब्दांत बसत नाही. कार्ड आईच्या नावावर आलं तोवर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिच्या बाहुल्या आता मी शिवते. कापड ती निवडते, चेहरा कसा हवा ते सांगते, वेणी तीच घालते. मग ही बाहुली बनवली कोणी? कार्डवाल्या आईने की बिनकार्डाच्या मी? शेजारच्या दोन काकू कापूस भरून देतात, त्यांचं काय? घरातल्या धंद्यात कारागीर एक नसतो, घरच कारागीर असतं.

आणि तो ‘आणि’. बनवलेला आणि विकलेला. खडेबाजारातले एक दुकानदार वीस वर्षं आमच्याकडून बाहुल्या घेत आले. आईचं कार्ड मी त्यांना हौसेने दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि परत दिलं. “आक्का, माल झ्याक हाय, पण विकणार मी. मी कारागीर हाय काय? शिक्का कुठं हाय?” त्यांनी लावलेला अर्थ चुकीचा असेलही. पण हा शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला दंड कमीत कमी २ लाख, शिवाय तुरुंगवासाची तरतूद. साठ रुपयांच्या बाहुलीवर दहा रुपये सुटणारा माणूस या ‘आणि’चा अर्थ लावून घ्यायला वकील करील का? तो शिक्क्याचं प्लॅस्टिक ठेवतो. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

म्हणून आईने जत्रेत बसून स्वतः विकायच्या. मोतीबिंदू घेऊन.

माझा मुद्दा कायदा नको हा नाहीच, तो आपण माझ्या तोंडी घातलात. माझा मुद्दा असा, की आपल्याकडची सूट वस्तूकडे बघत नाही, माणसाच्या कार्डाकडे बघते. अमेरिकेत २००७ साली रंगात शिसं असलेली खेळणी लाखांनी परत मागवावी लागली. त्यातून २००८ मध्ये कडक कायदा आला आणि घरगुती कारागिरांनी असाच आरडाओरडा केला. तो कोणी रडगाणं म्हणून उडवून लावला नाही. २००९ मध्ये तिथल्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाने मानलं की कोरं लाकूड, कापूस, लोकर यांत शिसं मर्यादेबाहेर असू शकत नाही, त्यांची शिशाची चाचणी नको. २०११ मध्ये वर्षाला एका प्रकारचे ७,५०० पेक्षा जास्त नग न करणाऱ्या आणि दहा लाख डॉलरच्या आत विक्री असणाऱ्यांना बाहेरच्या प्रयोगशाळेच्या बऱ्याच चाचण्यांतून मोकळीक मिळाली. रंगातलं शिसं आणि सुटणारे बारीक तुकडे यांना त्यातही सूट नाही, हे मला माहीत आहे, ते आपण सांगायला यायची गरज नाही. पण तिथे प्रश्न असा विचारला गेला: ही वस्तू कशाची आहे, किती निघते, त्यात धोका कुठे आहे. आमच्याकडे प्रश्न एकच. कार्ड आहे का?

मानांकनाची वाट आहेच म्हणाल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं, तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, चार जिल्हे तिकडचे, चार इकडचे, त्यात आमचं बेळगावही. चपलेला हद्द ओलांडता आली याचं मला फार कौतुक आहे. चन्नपट्टणाच्या लाखेच्या खेळण्यांनाही मानांकन आहे. पण चिंध्यांच्या बाहुलीला कुठल्या गावचं म्हणणार? ती कोकणात होते, घाटावर होते, धारवाडात होते. जिथे जुनं लुगडं आणि रडणारं पोर आहे तिथे ती होते.

आणखी एक, आपण पालक आहात म्हणून विचारते. बारशाला बाळाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या बांधल्या होत्यात ना? टोपड्याला घुंगरू लावलं होतं? त्याच कापडाचं, त्याच दोऱ्याचं टोपडं मी शिवते. ते चोवीस तास बाळाच्या डोक्यावर असतं आणि दात येताना त्याच्या बंदाचं टोक हमखास तोंडात जातं. पण खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायला केलेली वस्तू, अशी आदेशाची व्याख्या आहे. टोपड्याने कोणी खेळत नाही, म्हणून त्याला शिक्का लागत नाही. त्याच टोपड्यात कापूस भरून दोन डोळे लावले की लागतो. मनगट्यांवर आपण कुठे प्रतिक्रिया लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

राहिलं बटण. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. आई चाळीस वर्षं बाहुल्या करतेय. मी तिच्याच बाहुल्यांशी खेळले, माझा भाऊ खेळला, गल्लीतली तीन पिढ्यांची पोरं खेळली. एकाच्याही घशात काही अडकलं नाही. हा पुरावा आपल्याला पुरणार नाही, कारण याला प्रयोगशाळेचा शिक्का नाही. तरी तो पुरावा आहे. आईची शिलाई म्हणजे बटणाच्या चारही भोकांतून दुहेरी मेणदोरा, मागे कापडाची थिगळी, वर तीन गाठी. दाताने ओढून बघा म्हणते ती गिऱ्हाइकाला.

मीही परवा रात्री ओढून बघितलं. आपल्या प्रतिक्रियेमुळे नव्हे, मनात बरेच दिवस होतं. खेळण्यांच्या सुरक्षेच्या आयएस ९८७३ या भारतीय मानकात खेळण्याचे भाग ओढून, पिळून बघायच्या चाचण्या असतात. ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडंही असतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातून सुटलेला तुकडा त्यात पूर्ण मावला तर खेळणं नापास. आमचं बटण त्यात आरामात मावतं, पट्टीने मोजलं. मग वडिलांच्या जुन्या किराणा दुकानातलं पाच किलोचं वजन काढलं, बटणामागून सुतळी ओवली आणि बाहुल्या एकेक करून दाराच्या कडीला टांगल्या. सहा बाहुल्या घेतल्या, तीन आईने पूर्वी शिवलेल्या, तीन माझ्या.

आईच्या तिन्ही टिकल्या. माझ्या दोन गेल्या. एकीचं बटण तर उडून फ्रीजखाली गेलं, ते अजून सापडलेलं नाही.

आईला सकाळी सांगितलं. ती काहीच बोलली नाही, फक्त माझी सुई मागून घेतली, दोरा बोटांनी चाचपला आणि म्हणाली, “येकेरी वढूलास गो.” मोतीबिंदू डोळ्यांना आहे, बोटांना नाही.

तयार असलेल्या एकतीस बाहुल्यांची बटणं काल उसवून काढली. डोळे आता दोऱ्याने भरते, काळ्या आणि पांढऱ्या, जास्वंदीच्या कळीएवढे. एकेका बाहुलीला वीस मिनिटं जास्त लागतात आणि साठ रुपयांत ते बसत नाही, पण तो माझा प्रश्न आहे. हे मी आपल्या सांगण्यावरून केलेलं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवते.

आणि पुढच्या वेळी नाव घालून लिहा.