तंबोरा लागेपर्यंत तरी थांबा की हो!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. उद्या लवकर उठायचंय, तरी लिहितेय, कारण हे पोटात ठेवून मला काही झोप लागणार नाही.

आज एका गाण्याला गेले होते. संस्था कुठली, सभागृह कुठलं, गायिका कोण, काही सांगणार नाही. तिथे होते त्यांना कळेलच. पत्रिकेत वेळ संध्याकाळी सहाची, आणि मी भाबडी पावणेसहालाच दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

सव्वासहाला दीपप्रज्वलन. समई पेटेना, मग काडेपेटीची शोधाशोध. मग प्रास्ताविक. मग अध्यक्ष, प्रायोजक, प्रायोजकांच्या सौभाग्यवती, माजी अध्यक्ष, सगळ्यांना शाल आणि नारळ. एका पाहुण्यांनी 'मला शास्त्रीय संगीतातलं काहीच कळत नाही' असं सांगून त्याच विषयावर अठरा मिनिटं बोलून दाखवलं. लोक हसत होते, टाळ्या देत होते. गायिका रंगमंचावर येऊन बसल्या तेव्हा सात पंचवीस झाले होते.

आता नीट ऐका. मागे बसलेल्या दोन मुलींनी तंबोरे आतूनच जुळवून आणले होते. त्यांनी तारांवरून बोटं फिरवली आणि पहिल्या तारेवर चक्क निषाद, म्हणजे 'नी'! पंचम नाही, मध्यमही नाही. म्हणजे मारवा किंवा पूरिया. संधिप्रकाशाचे राग, दिवस मावळतानाचे, दोन्हींत पंचम, म्हणजे 'प', वर्ज्य. सहाच्या गाण्याला किती विचार करून निवडलेला राग! गायिकेने वर बघितलं, निवेदिकेच्या टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि मागे वळून हळूच काहीतरी सांगितलं. संध्याकाळ सरली होती, राग बदलायचा होता. मुलींनी खुंट्यांना हात घातला.

निषादाची तार पंचमावर आणायची, हे काही रेडिओचं बटण फिरवण्याइतकं सोपं नाही. उतरवलेली तार लगेच जागेवर बसत नाही, सरकत राहते. तारेखालचा जवारीचा दोरा परत सारून बघावा लागतो. मग सूर बारीक हलवणारे तारेतले मणी, केसभर इकडे, केसभर तिकडे. आणि तंबोरे दोन, तेही एकमेकांत मिसळायला हवेत. पाच-सहा मिनिटं जातात. जाऊ द्यायची असतात.

तीन मिनिटांत मागून टाळ्या सुरू झाल्या. नाटकाचा पडदा उशिरा उघडला की मागच्या रांगांतून वाजतात तशा. माझ्या मागचे एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, 'घरून जुळवून आणायला काय होतं यांना?' अहो, आतून जुळवूनच आणला होता! तुमच्या शाली-नारळांत संध्याकाळ संपली म्हणून परत जुळवायला लागतोय! सव्वा तास भाषणं ऐकताना तुमच्या घड्याळाचे काटे बंद पडले होते का?

त्या दोघींतल्या एकीचे कान लाल झालेले मला दिसले. असेल एकोणीस-वीस वर्षांची. मण्यावरचं बोट थरथरत होतं. आणि मला माझी तार आठवली.

1986 चा वैशाख. मी पंधरा वर्षांची. माझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे तंबोऱ्यावर पहिल्यांदाच बसले होते. कुणाच्या तरी घरची माडी, चाळीसेक माणसं, ध्वनिक्षेपक नाही. बाईंचा बागेश्री राग नुकता कुठे उघडत होता आणि माझी मधली जोडाची तार ताडकन तुटली. बाई थांबल्या. तंबोरा माझ्या हातातून घेतला, पानाच्या डब्यातून तारेचं वेटोळं काढलं आणि तिथेच नवी तार चढवायला बसल्या. दहा मिनिटं तरी गेली असतील. चाळीस माणसं गप्प. घरमालक उठले, भिंतीकडे गेले आणि त्यांनी पंखा बंद केला. वैशाखात! सूर नीट कानावर पडावा म्हणून. मी रडायच्या बेतात होते. पण माझ्याकडे कुणीही रोखून बघितलं नाही.

असो. तर आज शेवटी शुद्ध कल्याण, रात्रीचा राग, सुरू झाला. छानच गायल्या. पण संथ लयीतला विलंबित ख्याल आवरता घेतल्याचं कळत होतं. मग जलद लयीतलं द्रुत जरा रंगात येतंय तोच विंगेतून चिठ्ठी आली. गाणाऱ्या माणसाच्या हातात गाता गाता चिठ्ठी! त्यांनी वाचली, गुडघ्याखाली सरकवली, दोन आवर्तनांत समेवर येऊन राग संपवला आणि अभंग घेतला. टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू, अभंग सुंदरच झाला.

आता मला दहाच्या नियमाचं कुणी सांगू नका. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम मलाही माहीत आहेत. रात्री दहानंतर भोंगे बंद, पण त्यात बंद सभागृहाला सूट आहे. दहाच्या ठोक्याने उघड्या मांडवातली रात्रभराची गाणी गेली, ते दुःख वेगळं. आज कारण एवढंच होतं की सभागृह साडेनऊपर्यंतच घेतलेलं होतं. साडेतीन तास हातात होते, त्यातला जवळजवळ दीड तास गाणं सोडून बाकी सगळ्यांना मिळाला.

हो, प्रायोजक नसतील तर गाणंच होणार नाही, मान्य. हो, अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतही राग उभे केले, तेही मान्य. पण ती तबकडीची मर्यादा होती हो, सत्काराची नव्हती.

गायिका किशोरीताई आमोणकर असत्या तर? मैफल थांबवून श्रोत्यांना झापायच्या म्हणून लोक त्यांना तिरसट म्हणायचे. ऐन तरुणपणी मीही म्हटलंय. आज मात्र टाळ्या वाजल्या तेव्हा मनात म्हटलं, ताई, एकदाच या आणि या मंडळींना सांगा.

आणि दुतोंडीपणा बघा. 2024 मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा 'आपला वारसा' म्हणून हेच लोक फोटो टाकत होते, वर हात जोडलेल्या बाहुल्या. वारसा म्हणे! आज तोच तंबोरा यांच्यापुढे पाच मिनिटं जुळत होता तर यांना कंटाळा आला.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. म्हणून एक कबुली देऊन टाकते, नाहीतर माझी धाकटी बहीण कमेंटमध्ये येऊन सांगेलच. त्या माडीवर चाळीसच्या चाळीस माणसं बसून राहिली नव्हती. बाई तार चढवत होत्या तेव्हा एक माणूस उठला होता. आमचे बाबा. त्यांची सकाळची पहिली पाळी होती, पाचला घर सोडायचं होतं. पोटच्या मुलीचं पहिलं गाणं, आणि ते मध्येच निघून गेले, याचा मला कित्येक वर्षं राग होता. पण ते निघाले कसे, तर चपला हातात घेऊन. लाकडी जिना कुरकुरायचा म्हणून कडेकडेने, भिंतीला धरून, अनवाणी उतरले. लोकांना घरी जायची घाई असते, असणारच. माझी तक्रार घाईबद्दल नाहीच.

बाई त्या रात्री मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. कोपऱ्यावर निरोप घेताना एवढंच म्हणाल्या, 'उद्या लवकर ये, खुंट्यांना खडू लावायचाय.'

आज बाहेर पडले तर तीच मुलगी गेटपाशी रिक्षासाठी उभी. गवसणीतला तंबोरा तिच्याहून उंच. एक रिक्षावाला 'हे नाही बसणार' म्हणून निघून गेला. मी जवळ जाऊन म्हटलं, 'सूर फार छान मिळवलास गं.' ती कसंनुसं हसली.

'आधी मारवाच होता ना?'

चमकून बघितलं तिने. 'हो. पण ताई म्हणाल्या, अंधार पडला, आता नको.' मग जरा थांबून, 'काकू, तुम्ही गाता?'

'नाही गं. एकदा तार तोडली होती.'

तिला अर्थातच काही कळलं नाही. तेवढ्यात दुसरा रिक्षावाला थांबला, म्हातारा होता, स्वतः खाली उतरून त्याने तिला मदत केली. भोपळा मांडीवर, दांडी रिक्षाबाहेर तिरकी काढलेली, एका हाताने घट्ट धरून गेली पोर.