जनावर आपलं पाणी आपण हुडकतं म्हणे!

उन्हाळा तोंडावर आला की शेळी-मेंढीपालनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. सारांश असा: चरायला सोडलेल्या जनावराच्या पाण्याची चिंता करू नका. मैलभरावरचं पाणी ते वासानं हुडकतं, चाऱ्यातूनच त्याची तहान भागते, खराब पाण्याला ते तोंड लावत नाही, आणि दिवसातून एकदा पोटभर पाजलं की काम झालं. शेवटी जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवा'. पाठवणाऱ्याच्या दारात बहुधा नळ असावा.

आधी वासाचं बघू. जनावराचं नाक तिखट असतं, यात वाद नाही. वारं अनुकूल असेल तर ओला चिखल, हिरवळ त्याला कळते. पण रोज पाण्यावर जाणारा कळप जातो तो आठवणीवर. म्हाताऱ्या मेंढ्यांना वाट पाठ असते, बाकीची मागं चालतात. खरसुंडीच्या बाजारातून आणलेली खिलार गाय नव्या रानात सोडा, तिला पहिल्या दिवशी हौदापर्यंत नेऊन पाणी दाखवावंच लागतं. वर पाण्याची चव वेगळी लागली तर नुसतं हुंगून मागं सरते.

धनगरांना हे कुणी शिकवायला नको. दिवाळीनंतर माण-खटावातून कोकणात उतरणारे वाडे, म्हणजे कळपासकट निघालेली कुटुंबं, मेंढरांच्या नाकावर चालत नाहीत. मुक्काम हलवायच्या आधी एखादा जाणता पुढं जाऊन रान आणि पाणी बघून येतो.

आणि आता तर आठवणही दगा देते. टेंभू, म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आटपाडी-जतच्या दुष्काळी भागात आलं हे चांगलंच झालं, पण ते आवर्तनानं, म्हणजे पाळीपाळीनं येतं. महिन्यापूर्वी भरून वाहणारा कॅनॉल आज कोरडा असतो आणि कळप सवयीनं तिथंच जाऊन उभा राहतो. वाहता असला तर वेगळाच घोर. कॅनॉलच्या अस्तरीकरणाचा उतार गुळगुळीत, मेंढी वाकली की पुढचे पाय सरकतात, भिजलेली लोकर जड होते आणि वर येता येत नाही. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर तेच. कुंपण नसलेलं शेततळं म्हणजे जनावराचा पाणवठा नव्हे. पाणी बाहेर काढून डोणीत, म्हणजे जनावरं पाजायच्या लांबट कुंडात, ओतावं लागतं.

'चाऱ्यातूनच तहान भागते' हे श्रावणात जवळपास खरं आहे. मेंढीच्या पोटात दिवसाला पाणी वगळून साधारण १ किलो कोरडा चारा जातो असं धरा. पावसाळी गवतात ८० टक्के पाणीच असतं, म्हणजे तेवढ्यासाठी ती ५ किलो गवत खाते आणि त्यातून ४ लिटर पाणी आपोआप मिळतं. म्हणून तेव्हा मेंढरं ओढ्याकडं बघतही नाहीत. तीच मेंढी चैत्रात कडब्यावर आणि वाळल्या गवतावर आली की चाऱ्यातून जेमतेम १०० मिलिलिटर पाणी येतं. बाकीचं कुठून येणार? दवानं नाक ओलं होतं, पोट नाही. गाईचा आकडा तर ४०-५० लिटरवर जातो, दुभती असेल तर दर लिटर दुधामागं आणखी तीन-चार लिटर. पाणी कमी पडलं की आधी ती खाणं कमी करते, मग दूध आटतं, आणि आपण खुराकाला दोष देतो.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे खराब पाण्याला जनावर तोंड लावत नाही. तहानलेलं जनावर लावतं. एप्रिल-मे मध्ये पाझर तलाव आक्रसतो, कडेला गुडघाभर चिखल आणि वाऱ्यानं ढकललेला हिरवा थर साचतो. त्यात काठी घालून बघा. काठीला तंतू लोंबत वर आले तर ते साधं शेवाळ. काठी ऑइलपेंटात बुडवल्यासारखी हिरवी-निळी माखून निघाली तर ते निळं-हिरवं शेवाळ असण्याचा संशय घ्या आणि कळप तिथून हाका. त्यातल्या काही जातींचं विष काही तासांत जनावर मारू शकतं. ऊस-द्राक्षांच्या भागात दुसरा धोका बांधावरच असतो: भिजत घातलेला युरिया, ड्रीपला सोडायच्या खताची टाकी, फवारणीचा पंप धुतलेलं पाणी. युरियाचं पाणी प्यालेलं जनावर थरथरतं, फुगतं, आणि डॉक्टर येईपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. बॅरलला झाकण, एवढाच त्यावर स्वस्त उपाय.

राहिलं 'एकदाच पाजा'. पाणी जवळ असलं तर जनावरं एकेकटी येऊन पितात, लहान हौदही पुरतो. लांब असलं तर सगळा कळप एकदम येतो, दांडगी आधी पितात, आणि ती माळाला वळली की कोकरं, लंगडी, गाभण मेंढ्या तहानलेल्याच मागं पळतात. त्यामुळं लांबच्या पाण्याला डोणी लांबलचक हवी आणि शेवटचं जनावर पिईपर्यंत कळप अडवून धरायला माणूस हवा. दिवसभर कोरडं राहिलेल्या वासराला एकदम भरपूर पाणी दिलं तर रक्तातल्या पेशी फुटून लघवी लाल होते. थोडं पाजा, थांबा, मग पुन्हा पाजा. लाल लघवी दिसलीच तर डॉक्टरांना फोनवर आधी हे सांगा, की वासरू किती वेळ पाण्यावाचून होतं आणि नंतर किती प्यालं.