गिअरबॉक्स न उघडल्याच्या तक्रारीबाबत आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या साताऱ्यातील गॅरेजला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय आम्ही वाचला. गाडी आठवडाभर अडकवून ठेवली, गिअरबॉक्स न खोलता नुसती एक वायर बदलली आणि वर तपासणीचे ८०० रुपये लावले, आपण सांगूनही ऑइल मशीनवर फ्लश केले नाही, आणि एवढे सगळे होऊनही डी मध्ये (पुढे जाण्याच्या गिअरमध्ये) टाकताना झटका बसतोच, अशा आपल्या तक्रारी आहेत. आपला राग समजण्यासारखा आहे. मात्र जुनी ऑटोमॅटिक गाडी बाळगणारी इतर मंडळीही हा अभिप्राय वाचून निर्णय घेतील, म्हणून काय केले आणि का केले, हे जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आपली गाडी २००६ सालची, चार गिअरची ऑटोमॅटिक. पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढत असताना तिचा पिकअप गेला, वेळ्याजवळ आपण ती थांबवली आणि तिथून सुरूर फाट्यापर्यंत टेम्पोला दोर बांधून ओढत आणली. सुरूरला एका मिस्त्रीने क्लच प्लेटा गेल्याचे सांगितले, आणि गाडी आमच्याकडे आली ती गिअरबॉक्स उतरवायचाच, असे मनाशी ठरवून. त्या तयारीने आलेल्या माणसाला वायरिंगचे बिल मिळाले की फसवणूक झाल्यासारखे वाटते, हे आम्हांला कळते.

परंतु आपण स्वतः सांगितलेल्या दोन गोष्टी क्लच प्लेटांच्या निदानाशी जुळत नव्हत्या. पहिली अशी की, घाटात इंजिन दबून चालत होते आणि आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा वर जात नव्हता. प्लेटा घसरू लागल्या की नेमके उलटे होते: ॲक्सिलरेटर दाबताच इंजिन मोकळे ओरडते, काटा झपकन वर जातो आणि गाडीचा वेग मात्र त्या मानाने वाढत नाही. दुसरी गोष्ट अशी की, चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही अंतर सगळे गिअर व्यवस्थित पडत होते. झिजलेली प्लेट चावी फिरवल्याने बरी होत नाही. गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला विजेच्या बाजूने काही बिघाड जाणवला की ते सोलेनॉइडचा, म्हणजे गिअर बदलण्यासाठी ऑइलची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या वाल्वचा, पुरवठा तोडते. त्यानंतर आपल्या मॉडेलमध्ये ऑइलचा मार्ग आपोआप तिसऱ्या गिअरचा राहतो, आणि गाडी उभ्या जागेवरून निघते तीसुद्धा तिसऱ्यावरच. घाटात तिला दम लागला, त्याचे कारण हे होते. गाडी कशीबशी घरी पोहोचावी, एवढ्यासाठी कंपनीने केलेली ही सोय आहे; तिला लिंप मोड म्हणतात.

बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरबद्दल आपण लिहिले आहे की, दोन मिनिटांचे काम आणि त्याचे पैसे. दोन मिनिटांत दिसला तो पी०७०० हा कोड, आणि त्याचा अर्थ इतकाच की ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, कंट्रोल युनिटकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. स्वस्तातले बरेच स्कॅनर इथेच थांबतात आणि पुष्कळ गिअरबॉक्स केवळ या एका कोडवर विनाकारण खोलले जातात. ट्रान्समिशनच्या युनिटमध्ये जाऊन वाचल्यावर पी०७५५, म्हणजे शिफ्ट सोलेनॉइड बी च्या सर्किटचा कोड मिळाला. आता सर्किट म्हटले की त्यात सोलेनॉइड आला, वायर आली, वायरी जोडणारा कपलर आला आणि युनिटही आले. कोड वाचून थेट सोलेनॉइड मागवणे हा निव्वळ अंदाज झाला असता, आणि त्याचा खर्च आपल्या खिशातून गेला असता.

दिवस गेले ते याच टप्प्यावर. बिघाड फक्त गाडी पूर्ण तापल्यावर येत होता, म्हणून प्रत्येक वेळी ती रात्रभर थंड करायची, सकाळी मीटर लावायचा, यवतेश्वर घाट चढवून तापवायची आणि परत आणून लगेच पुन्हा मीटर लावायचा, याला दुसरा मार्ग नव्हता. कपलर सोडवून थेट गिअरबॉक्सच्या बाजूने मोजले असता थंड असताना १४ ओहम आणि तापल्यावर १७ च्या आसपास येत होते; तांब्याच्या वेटोळ्याचा रोध उष्णतेने एवढा वाढतोच, तेव्हा सोलेनॉइड शाबूत होता. तेच मोजमाप युनिटच्या बाजूने, म्हणजे मधली वायर धरून घेतले, तेव्हा थंड असताना आकडा ठीक आणि गरम असताना मीटर कोरा, म्हणजे जोड मधेच तुटत होता. मग बॅटरीचा ट्रे काढला. त्याच्याखालून जाणारी वायर उष्णतेने कडक झाली होती, कपलरच्या तोंडाशी तिचे आवरण तडकले होते आणि आतली पिन ॲसिडच्या वाफेने हिरवी पडली होती. वायर बोटाने किंचित वाकवली की आकडा जायचा, सरळ केली की यायचा. हे आपल्या चिरंजीवांना मीटर हातात देऊन दाखवले होते. बदललेली वायर आणि पिन आपल्या गाडीच्या डिकीत पिशवीत घालून दिली आहे.

गिअरबॉक्सला हात लावला नाही, हे विधान मात्र बरोबर नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ऑइल पंप इंजिन चालू असले तरच फिरतो. इंजिन बंद ठेवून पुढची चाके जमिनीवर ठेवत ओढली, तर आतले भाग ऑइलवाचून फिरतात आणि थोड्या अंतरातही खराब होऊ शकतात. (अशी गाडी फ्लॅटबेडवर चढवावी किंवा निदान पुढची चाके उचलून न्यावी, दोराने ओढू नये, आणि धक्का मारून तर ती चालूच होत नाही.) आपण दोर लावून आणल्याचे कळल्यामुळेच आम्ही खालचा पॅन काढून पाहिला. पॅनमधल्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा बारीक लेप होता, जो इतक्या जुन्या गाडीत असतोच. चमकणारा कीस किंवा धातूचे तुकडे नव्हते. ऑइल तपकिरी झाले होते, पण जळका वास नव्हता, आणि दुधी गुलाबी रंगही नव्हता. तो असता तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट ऑइलमध्ये शिरत असल्याची शंका घ्यावी लागली असती. एवढे पाहिल्यावर गिअरबॉक्स उतरवण्याचे कारण उरत नाही. उतरवला असता तर बिल कितीतरी पटींनी वाढले असते, आणि वायर तशीच राहिल्याने पुढच्या घाटात गाडी पुन्हा तिसऱ्यावर अडकली असती.

फ्लशिंगबाबत मिस्त्री-मिस्त्रींमध्ये मतभेद आहेत, हे आम्ही मान्य करतो. आमचे मत असे की, ज्या गिअरबॉक्सचे ऑइल वर्षानुवर्षे बदललेले नाही, त्याला मशीनच्या दाबाने धुऊ नये. तळाशी आणि कोपऱ्यांत बसलेला गाळ त्या दाबाने सुटतो, वाल्व बॉडीच्या (गिअर बदलण्यासाठी ऑइल वळवणाऱ्या भागाच्या) अरुंद वाटांमध्ये जाऊन अडकतो, आणि आज बरे पडणारे गिअर उद्या अडखळू लागतात. पॅनमधून ऑइल सोडले की सगळे निघत नाही, बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलने जोडणाऱ्या भागात) राहते, हा आपला आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही निघाले तेवढे काढले, फिल्टर बदलला, आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये नमूद असलेल्या ग्रेडचेच नवे ऑइल भरले आणि १,००० ते १,५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तसेच बदलावे, असे बिलावर लिहून दिले. यात ऑइल टप्प्याटप्प्याने स्वच्छ होते आणि गाळाला अकारण धक्का बसत नाही. मधल्या काळात कोणी टॉप-अप म्हणून साध्या गिअरबॉक्सचे ९० नंबरचे ऑइल ओतू पाहील, तर कृपया ओतू देऊ नये. असे प्रकार आम्ही पाहतो, आणि त्याचे परिणाम दुरुस्त करणे फार महाग पडते.

राहिला डी मध्ये टाकतानाचा झटका. आपला मूळ बिघाड चालत्या गाडीत गिअर न बदलण्याचा होता, तो पुन्हा आलेला नाही, असे आपल्याच अभिप्रायावरून दिसते. उभ्या गाडीत एन (न्यूट्रल) वरून डी किंवा आर (रिव्हर्स) मध्ये टाकताना बसणारा धक्का निराळा, आणि त्याची नोंद बिलाच्या शेवटच्या ओळीत आहे: इंजिनचे मागचे माउंटिंग फाटलेले, ग्राहकाने नंतर बदलण्यास सांगितले. बॉनेट उघडून, ब्रेक घट्ट दाबून एकाने गिअर बदलावा आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहावे, इंजिन जागेवरून उचलून आपटताना स्पष्ट दिसते. इंजिनला जागेवर धरणाऱ्या या माउंटिंगचे रबर मधोमध चिरले आहे. ते बदलल्यावरही झटका राहिला, तर आयडल आरपीएम (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) आणि ऑइलचे प्रेशर तपासावे लागेल. पण आधी प्रेशरच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

तपासणीच्या ८०० रुपयांबद्दल आमची भूमिका बदलणार नाही. वायर आणि पिनची किंमत किरकोळ होती, त्यांची जागा शोधणे हे काम होते, आणि हे पैसे आकारले जातील असे गाडी घेतानाच जॉब कार्डवर लिहून आपली सही घेतली होती. वेळ किती लागतो आहे, ते आम्ही आपणांस फोनवरून कळवत होतो.

आपण पुन्हा येणार असाल, तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवावी, म्हणजे सकाळी थंड इंजिनावरचा झटका आणि तापल्यानंतरचा झटका असे दोन्ही पाहता येतील. सोबत बिल आणावे. माउंटिंगचा भाव आधी फोनवर सांगू आणि आपण होकार दिल्यावरच मागवू. झटका कशाने येतो ते आपल्यासमोर बॉनेट उघडून दाखवू, त्याचे पैसे लागणार नाहीत.

आपला,
गॅरेज चालक, सातारा